जाणता कोण आणि लिहिता कोण?

गोव्यातल्या खाजन शेतीविषयी सर्वांत जास्त कोणाला कळते? विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळते, सरकारी खात्यांतल्या अधिकाऱ्यांनाही थोडेफार कळते. पण यंदा कुठल्या बांधाला खेकड्यांनी भोके पाडली आहेत, अमावास्येच्या भरतीला पाणी कुठवर चढते, मानशीची झडप नीट बसली नाही तर खारे पाणी आधी कोणाच्या शेतात शिरते, हे ज्याला तोंडपाठ असते तो माणूस बहुधा गुडघाभर चिखलात उभा असतो. आता दुसरा प्रश्न. याच खाजन शेतीविषयी इंटरनेटवर काही चुकीचे लिहिलेले असेल, तर ते दुरुस्त कोण करू शकेल? इथे त्या माणसाचे नाव आपल्या ओठांवर येत नाही. येते ते संगणक शिकलेल्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे, आणि त्या बांधावर त्यांनी कदाचित कधी पाऊलही ठेवलेले नसेल.

दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरे. या दोन उत्तरांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

विकिपीडिया आपल्या सगळ्यांना माहीत आहे. असाइनमेंटच्या आदल्या रात्री तर फारच जवळून माहीत आहे. तिच्या जोडीला २०१२ साली विकिडेटा सुरू झाला. तिथे लेख नसतात, तर यंत्राला वाचता येतील अशी छोटी छोटी विधाने असतात: अमुक नदी अमुक राज्यात आहे, तमुक लेखकाचा जन्म तमुक साली झाला. अशा १० कोटींहून अधिक नोंदी तिथे जमल्या आहेत. तिसरा आहे ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. तो २००४ पासून चालू आहे. या तिन्ही ज्ञानसाठ्यांची घोषणा एकच: कोणीही यावे, भर घालावी, चूक दिसली तर सुधारावी. घोषणा खोटी नाही, दाराला कुलूप नाहीच. पण दार उघडे असून उंबरठा कमरेएवढा उंच असेल तर आत कोण जाणार? ज्याच्या पायांत बळ आहे तो जाणार. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही आहे तो बाहेरच राहणार.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्ञानसाठ्यात लिहिण्याची साधने सोपी करणे म्हणजे ‘अडाण्यांवर उपकार’ नव्हेत. ती गरज त्या ज्ञानसाठ्याचीच आहे. साधन अवघड असते तेव्हा ते तज्ज्ञांना आत घेते आणि इतरांना बाहेर ठेवते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते साधनाच्या तज्ज्ञांना आत घेते आणि विषयाच्या तज्ज्ञांना बाहेर ठेवते.

उंबरठा उंच आहे म्हणजे नेमके काय, ते पाहू. विकिपीडियाच्या जुन्या संपादन पद्धतीत एखादे पान उघडले की समोर मजकुराबरोबर चिन्हांचे रान येते. दुवा द्यायचा तर दोन चौकटी कंस, साचा वापरायचा तर दोन महिरपी कंस, संदर्भ द्यायचा तर आणखी वेगळी खूण. एक कंस बंद करायचा राहिला की अख्खा तक्ता कोसळतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला त्यात काही वाटणार नाही. पण निवृत्त शिक्षिका, ज्यांना गावातल्या प्रत्येक जत्रेचा इतिहास ठाऊक आहे, त्या एकदाच बघतील आणि म्हणतील, “नको बाई, माझ्यानं काहीतरी बिघडायचं.” आणि पान बंद करतील. ज्ञानसाठ्याला कळणारसुद्धा नाही की कोण येऊन परत गेले.

विकिडेटाची अडचण याहून बारीक आहे, आणि आपण भाषेचे विद्यार्थी असल्यामुळे ती आपल्याला जास्त नीट समजेल. समजा, घरातल्या कुत्र्याचे नाव टॉमी आहे. आपण म्हणतो, “टॉमी कुत्रा आहे.” आपण असेही म्हणतो, “कुत्रा प्राणी आहे.” दोन्ही वाक्यांत ‘आहे’ एकच. मराठीला त्यात कधी अडचण आली नाही. पण यंत्राच्या लेखी हे दोन ‘आहे’ वेगळे आहेत. पहिल्यात टॉमी हा एक विशिष्ट जीव एका प्रकारात मोडतो. दुसऱ्यात एक अख्खा प्रकार दुसऱ्या, मोठ्या प्रकारात मोडतो. विकिडेटात या दोहोंसाठी दोन निराळे गुणधर्म आहेत, आणि त्यांतला नेमका कुठला निवडायचा इथे भलेभले चुकतात. आता आपल्याकडचा ‘कोरगुट’ घ्या. खाजनात पिकणारे, खारटपणा सोसणारे हे भात. शेतकऱ्याला विचारा, तो कोरगुटाविषयी तासभर बोलेल. पण त्याला ‘हा कोणत्या वर्गाचा उपवर्ग?’ असे विचारले तर तो तुमच्या तोंडाकडे पाहील. अज्ञान इथे शेतकऱ्याचे नाही. प्रश्न विचारण्याची रीत चुकली आहे. साधनाने एवढेच विचारायला हवे होते: “तुम्ही एका ठरावीक वस्तूविषयी सांगताय, की अशा सगळ्या वस्तूंच्या प्रकाराविषयी?” शेतकरी सांगेल, “प्रकाराविषयी.” पुढचे वर्गीकरण यंत्राने आपले आपण करावे. ते त्याचे काम आहे.

ही कल्पना काही मी आज नव्याने काढलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाचा प्रोग्राम तयार झाला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठले औषध द्यावे, याचा सल्ला तो द्यायचा. त्यात ज्ञान भरायचे तर मध्ये दुभाष्या लागे. डॉक्टर सांगणार, ‘ज्ञान-अभियंता’ नावाचा माणूस ते यंत्राच्या भाषेत लिहिणार. या दुभाष्याच्या टेबलापाशी सगळे काम तुंबायचे. पुढे १९८० च्या दशकात तिथेच कर्करोगावरच्या उपचारांसाठी ‘ओपल’ नावाचे साधन झाले. त्यात डॉक्टरांना नेहमीच्या कामात ओळखीचे असतील असे फॉर्म पडद्यावर दिले होते. डॉक्टरांनी आपल्या भाषेत फॉर्म भरायचा, यंत्राने त्याचे नियम बनवायचे. याच कामातून पुढे ‘प्रोटेजे’ हे साधन वाढले, आणि ज्ञानाची मांडणी करणारे लोक ते आजही वापरतात. डॉक्टरांना प्रोग्रामिंग शिकवण्यापेक्षा यंत्राला डॉक्टरांचा फॉर्म शिकवणे स्वस्त पडले, असे मी या गोष्टीचे सार काढतो.

पण साधन कोणासाठी घडवले आहे यावर काय लिहिले जाणार हे ठरते, याचा दाखला शोधायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापून झाले. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपी मात्र रोमी. असे का? १६०८ साली रोमला पाठवलेल्या एका पत्रात त्यांनी इथल्या लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा मांडली होती, आणि अडचणही सांगितली होती. इथली अक्षरे एकेकटी मुळाक्षरे नसतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरून ती साधारण ६०० ठशांवर जातात, पण युक्तीने २०० पर्यंत आणता येतील, असा त्यांचा हिशेब होता. तो बेत तडीस गेला नाही. यंत्राला जमेना म्हणून पुस्तकाने लिपी बदलली. चारशे वर्षांनंतर आपण मोबाइलवर देवनागरीत सहज लिहितो, कारण मधल्या काळात कोणीतरी यंत्राला अक्षर शिकवले. अक्षराला यंत्रापुढे वाकवणे हा तात्पुरता इलाज होता. यंत्राला अक्षर शिकवणे हा खरा. ज्ञानसाठ्यांच्या बाबतीत आपण अजून पहिल्याच टप्प्यावर रेंगाळत आहोत.

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो खराच वजनदार आहे. “उंबरठा खाली केला की कोणीही उठून काहीही लिहील. ज्ञानकोश म्हणजे काय गावचा फलक आहे?” आमच्या चर्चेत हा प्रश्न हटकून येतो. तो विचारणाऱ्यांना ज्ञानाची काळजी असते, म्हणून त्याची थट्टा करू नये.

याला पहिले उत्तर इतिहासाचे आहे. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच मंडळींनी ‘न्युपीडिया’ काढला होता. तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून लेख बाहेर पडायचा. तो बंद पडेपर्यंत तपासणी पूर्ण झालेले लेख २५ च्या आसपास होते. विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत निघाला आणि वर्ष संपेपर्यंत साधारण २० हजार लेख झाले. त्यांतले बरेच कच्चे होते. पण कच्चे लेख पिकवता येतात. जे लिहिलेच नाही ते पिकवणार कसे?

दुसरे उत्तर जास्त बोचरे आहे. उंच उंबरठा कचरा अडवत नाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेचा एक विकिपीडिया आहे. तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषाच येत नव्हती, हे २०२० साली उघड झाले. शाळकरी वयात त्याने सुरुवात केली होती. हेतू वाईट नव्हता. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशातले शब्द बसवत तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला. त्याला काय येत होते? संपादनाचे साधन. ज्यांना ती भाषा येत होती ते चूक दाखवायला तिथे फारसे नव्हतेच. थोडक्यात, फाटकावरच्या पहारेकऱ्याने कंस आणि साचे तपासले, भाषा तपासलीच नाही. छोट्या भाषेवर असे संकट केव्हाही येऊ शकते, हे सीमेवर आणि महाराष्ट्राबाहेर मराठी जगवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ध्यानात ठेवावे.

मात्र ‘सोपे करा’ म्हणणाऱ्यांनीही एक धडा घ्यायला हवा. विकिपीडियाने चिन्हांऐवजी वर्डसारखे थेट टाइप करता येईल असे दृश्य-संपादक साधन तयार केले आणि जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ते सर्वांपुढे आणले. साधन अजून कच्चे होते. पाने हळू उघडत, मजकुरात नको त्या खुणा घुसत, आणि त्या निस्तरायचे काम जुन्या संपादकांवर पडे. ते चिडले. सप्टेंबरमध्ये ज्याला हवे त्यानेच ते चालू करावे, असे ठरवावे लागले. पुढे ते सुधारले आणि आज नवे लोक ते सर्रास वापरतात. यातून मी दोन गोष्टी शिकतो. नवख्यांसाठी केलेली सोय जुन्यांच्या डोक्यावर ओझे बनून आली तर ती टिकत नाही. आणि नुसते बटण सोपे करून माणसे येत नाहीत. आल्यावर त्यांच्याशी कोण, कसे बोलते यावर ती राहतात की जातात हे ठरते.

मग चांगले साधन कसे असावे? माझ्या मते त्याची चार लक्षणे आहेत.

पहिले, ते एका वेळी एकच प्रश्न विचारते, आणि तोही ज्याचे उत्तर माणसाला समोर दिसते आहे असा. ओपनस्ट्रीटमॅपसाठी ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचे मोबाइल ॲप आहे. तुम्ही रस्त्यावर उभे असता आणि ते विचारते: हा रस्ता डांबरी आहे की मातीचा? हे दुकान किती वाजता उघडते? उत्तरावर बोट ठेवा, नकाशात भर पडली. नकाशाशास्त्राचा एक शब्दही शिकावा लागत नाही.

दुसरे, त्यात चुकायला भीती वाटत नाही. प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो आणि जुने पान परत आणता येते, ही विकिपीडियाची सर्वांत मोठी सोय. पण ती नवख्याला कोणी सांगतच नाही. “काही बिघडलं तर लगेच पूर्ववत करता येतं,” हे वाक्य पहिल्याच पडद्यावर ठळक दिसले, तर त्या निवृत्त बाई पान बंद करणार नाहीत.

तिसरे, तपासणी असते, पण ती दारावर नसून आत असते. विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचे काम कसे चालते पाहा. एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. आठवीतला मुलगासुद्धा हे काम करू शकतो, आणि तरी दोन जोड डोळ्यांखालून गेल्याशिवाय पान हिरवे होत नाही. सोपेपणा आणि काटेकोरपणा एकत्र नांदतात ते असे.

चौथे, ते आपल्या भाषेत बोलते. नुसते भाषांतर म्हणजे आपली भाषा नव्हे. मराठी विकिपीडियावर सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सर्वांनी जमून बोलायच्या पानाला ‘चावडी’. ज्यांनी हे शब्द योजले त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. धूळपाटी म्हटले की कळते, इथे लिहा, पुसा, पुन्हा लिहा, कोणी मार्क देणार नाही. हा शब्दच एक धडा शिकवून जातो. उलट, संस्कृतातून घडवलेला चार अवयवांचा जोडशब्द बटणावर बसवला, तर इंग्रजी परवडली असे लोकांना वाटते. आणि ‘आपली भाषा’ म्हणताना लिपीही विसरून चालणार नाही. गोव्यातल्या कोंकणी विकिपीडियावर देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांतले लेख आहेत. ज्याला जी लिपी येते तीत त्याने लिहावे, एवढी मुभा नसती तर कितीतरी माणसे बाहेरच राहिली असती.

हे सगळे आताच का सांगायचे? कारण हे ज्ञानसाठे आता फक्त माणसे वाचत नाहीत. शोधयंत्रात नाव टाकल्यावर बाजूला माहितीची जी चौकट दिसते, तिच्यात विकिपीडियाचा मजकूर असतो. आपण ज्या चॅटबॉटला प्रश्न विचारतो, त्याच्या शिक्षणातही विकिपीडियाचा वाटा आहे. तिथे जे चुकीचे आहे ते आता हजार तोंडांनी बोलले जाईल, आणि जे नाही ते जगात नाहीच असे धरले जाईल. मराठी बोलणारे आम्ही २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून अधिक. पण त्यांतल्या मूठभर लोकांनाच साधन चालवता येत असेल, तर यंत्राला ऐकू येणारी मराठी तेवढ्याच मुठीची. गोव्याची, बेळगावची, इंदूरची, बडोद्याची मराठी त्या मुठीत कितीशी मावणार?

आपल्या मंडळाने काय करावे, हेही सांगतो; नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे.

एक, ज्याला कळते त्याच्याशेजारी बसावे. एखाद्या रविवारी दोघे-तिघे मिळून खाजनावर जाऊ, मानस कशी चालते ते विचारू, फोटो काढू, आणि लिहिलेले वाचून दाखवू: “काका, हे बरोबर लिहिलंय का?” अर्थात, काकांनी सांगितले एवढ्यावर विकिपीडिया थांबत नाही. छापील संदर्भ लागतो, तो शोधणे आपले काम. पण कुठला संदर्भ बरोबर आणि कुठल्यात नुसती ऐकीव माहिती आहे, हे काकाच सांगू शकतील. मात्र हा दुभाष्याचा धंदा कायमचा करू नये. दुसऱ्या खेपेला मोबाइल त्यांच्याच हातात द्यावा.

दोन, शब्द गोळा करावेत. विकिडेटात २०१८ पासून शब्दांच्या नोंदीही करता येतात. मानस, कोरगुट, पोदेर, रेंदेर असे शब्द आपल्या घरांत रोज वापरले जातात. त्यांचे अर्थ लिहायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. कोंकणीचे कोणते आणि मराठीचे कोणते, यावर भांडत बसण्यापेक्षा दोन्ही ठिकाणी नोंदवावेत. शब्दाला दोन घरे असली म्हणून त्याचे काही बिघडत नाही. २०१३ साली गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे ४ खंड मुक्त परवान्याखाली खुले केले, ते ज्ञान सर्वांच्या हाती यावे म्हणूनच ना?

तीन, आणि हे खास साहित्याच्या विद्यार्थ्यांचे काम. या साधनांची बटणे, सूचना, चुकांचे निरोप मराठीत आणायचे काम स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर करतात. तिथे कोणीही खाते उघडू शकते. कविता जुळवताना एका शब्दासाठी आपण रात्र घालवतो. तशी एखादी रात्र एका बटणावरच्या शब्दासाठीही घालवू या. ‘धूळपाटी’सारखा एक शब्द सुचला तरी तो अनोळखी माणसाला आत बोलावत राहील. कवितेला इतके वाचक क्वचितच मिळतात.

ज्ञानसाठ्याच्या दारात उभा असलेला माणूस कमी शिकलेला आहे, म्हणून त्याला मदत करायची असे कृपा करून समजू नका. खारे पाणी कुठल्या बांधातून शिरते हे त्याला माहीत आहे, यंत्राला माहीत नाही आणि मलाही नाही. त्याने लिहावे म्हणून उंबरठा खाली करायचा आहे, कारण तो आत आला नाही तर अडाणी आपणच राहणार आहोत.